वाचणाऱ्याला नमस्कार

मखमलाबाद, नाशिक
१४ जून २००५

शुभे,

तुझ्या नवसाआजीचा तुझ्या डोक्यावरून हात.

पत्र मीच लिहिते आहे, म्हणून अक्षराला हसू नकोस. साक्षरतेच्या वर्गात बाईंनी लिहायला शिकवलं तेव्हा माझे दात पडायला लागले होते. बाकीच्या बायका सही येईपर्यंत थांबल्या, मी जोडाक्षरांपर्यंत गेले. पण मला माझं लिहिता येतं, दुसऱ्याचं वाचता येत नाही. छापलेलं मोठं असलं तर जमतं. तुझं अक्षर म्हणजे गुळाकडे निघालेल्या मुंग्या. म्हणून तुझी पत्रं शेजारची विमलाबाई वाचून दाखवते. फोनवर बोल म्हणतेस, तर फोनमध्ये मला नुसता भुंगा ऐकू येतो. पत्र बरं. पुन्हा वाचून घेता येतं.

तुझं पत्र ऐकून मला इतका आनंद झाला की दुधाकडे लक्ष राहिलं नाही, उतू गेलं. तू लिहिलंस की समुद्राचं पाणी एक तांब्या घेतलं तर त्यात डोळ्यांना न दिसणारं इतकं शेवाळ असतं की मोजायला दुर्बिणीखाली बसावं लागतं. त्याला मूळ नाही, खोड नाही, तरी झाडासारखं ऊन खातं. आणि जगातली जवळजवळ अर्धी चांगली हवा तेच बनवतं. हे मी अक्काबाईला सांगितलं. ती म्हणाली, "नवसाबाई, समुद्र कुठं, नाशिक कुठं. आपल्यापर्यंत हवा यायची कशी?" मी म्हटलं, "तुझ्या पोराच्या बिडीचा वास माझ्या स्वयंपाकघरात येतो तशी."

इकडे तुझा बाप शेवाळाशी लढतोच आहे. शेततळं हिरवं झालं की ते पाणी ठिबकच्या नळ्यांत जातं, भोकं बुजतात आणि झेंडूची रांगच्या रांग माना टाकते. परवा ब्लीचिंग पावडर कालवून टाकली त्याने तळ्यात, नाकाला रुमाल बांधून. मी बांधावर उभी होते. मनात म्हटलं, बाप मारतो आणि लेक वाढवते, देवाने काय जोडी लावली.

तो अजून तुझं नाव घेत नाही. तू गोव्याला शिकायला निघालीस त्या सकाळी तो म्हणाला, "इथं तळं भरून शेवाळ आहे, ते बघायला एवढ्या लांब कशाला? गेलीस तर मला काही कळवायचं नाही." आणि तू वर्षभर ते शब्दाला शब्द पाळलंस. पत्र मला लिहितेस, त्यात खाली 'दादांना नमस्कार' एवढंसुद्धा नाही. तुझी आई असती तर तिने दोघांना दोन कानांना धरून एका ताटात जेवायला बसवलं असतं. माझ्या हातात आता तेवढा जोर नाही.

दही खात जा. समुद्राकाठची हवा दमट असते म्हणे.

तुझी आजी


मखमलाबाद
१२ ऑगस्ट २००५

शुभे,

नागपंचमी झाली. पुरणाची दिंडं केली होती, तुझी आठवण आली. पाऊस एवढा पडला की तळं काठोकाठ भरलं आणि माझी चूल ओलीच राहिली. गॅसवर केली, पण दिंडं मला चुलीवरच लागतात.

तू पाठवलेलं चित्र मिळालं. त्या दुर्बिणीतल्या शेवाळाचं. बाई बाई बाई! शेवाळ म्हणजे घसरून पडायची वस्तू असं मी जन्मभर समजत होते. हे तर काचेची डबी! आणि डबीला झाकण! आणि झाकणावर चाळणीसारखी भोकं, मधून निघून कडेपर्यंत गेलेल्या रेषा, कुठं म्हणून वाकडी नाही. तू लिहिलंस की ते एवढंसं शेवाळ पाण्यातून घेऊन घेऊन काचेचं घर स्वतःभोवती बांधतं. आपल्याला एक पडवी बांधायची तर गवंडी चार महिने येत नाही.

मग मी काय केलं सांगू का? नागपंचमीला दारात तीच रांगोळी काढली. ठिपके देऊन, गोल, जशीच्या तशी. गल्लीतल्या सगळ्या बायका बघायला आल्या. अक्काबाई म्हणाली, "हे कोणत्या देवाचं हो?" मी म्हटलं, "माझ्या नातीच्या." ती हात जोडून गेली. आता तीन दारांत तीच रांगोळी आहे. पंचवटीतले एक गुरुजी पूजेला आले होते, तेही थांबून बघत होते, पण माहीत नाही असं त्यांना म्हणवेना, म्हणून नुसतंच "वा वा" म्हणून गेले. तुझा बाप मळ्यातून आला तो रांगोळी ओलांडून आत नाही आला, तुळशीच्या मागून वळसा घालून आला. चिखलाच्या पायांनी मोडू नये म्हणून.

विमलाबाई आषाढातच नांदगावला गेली आहे, लेकीच्या बाळंतपणाला. मुलगा झाला, नाव स्वराज ठेवणार आहेत. अजून महिनाभर तरी ती येत नाही. तिच्या कोंबड्या मला बघाव्या लागतात, त्यातली एक फार शिष्ट आहे.

परवा तुझं पत्र आलं ते लगेच वाचून घेतलं. तू पाण्याचा नमुना कसा घेतात ते लिहिलं होतंस ना, की ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने बाटली आधी विसळायची, नाहीतर आधीचं काहीतरी राहून खोटं दिसतं. ते विमलाबाईला फार पटलं. चहा थंड झाला तरी उठली नाही.

आणि ती जहाजाची बातमी! माझी नात जहाजावर! दसरा झाला की दुसऱ्या दिवशी निघणार, खाली बर्फाच्या समुद्रापर्यंत जाणार, तिथलं शेवाळ आणि त्याहून बारीक जंतू तपासणार, आणि संक्रांत झाल्यावर परत. मधे पत्र नाही, फोन नाही. मी सगळ्या गल्लीला सांगितलं. मग घरात येऊन बसले आणि वाटलं, दिवाळीला ही पाण्यावर असणार.

शुभे, माझं एकच मागणं आहे. जायच्या आधी तुम्ही दोघं एकदा बोला. मला मरायची घाई नाही, पण तुम्ही दोघं जहाज परत येईपर्यंतच काय, समुद्र आटेपर्यंत गप्प बसाल अशी आहात. पुढच्या पत्रात त्याच्यासाठी एक ओळ लिही. शिळीपाकी कसलीही चालेल.

तुझी आजी


मखमलाबाद
१४ सप्टेंबर २००५

शुभे,

गौरी गेल्या. यंदा मुखवट्यांना तुझ्या आईच्या नथी घातल्या, छान दिसत होत्या.

मी एक ओळ मागितली होती, तू पानभर लिहिलंस. लिहिलंस ते असं, मला पाठ झालं आहे: आजी, त्यांच्यासाठी ओळ कसली लिहू? त्यांना मी जहाजावरून पडले तरी कळायला नको असेल. त्यांना कुठलीही गोष्ट समजून घ्यायची नसते. जे समजत नाही त्याच्यावर ते पावडर टाकतात.

तुझा राग मला कळतो. तुझ्या जागी मी असते तर मीही लिहिलं असतं, जोडाक्षरं चुकून. पण मोठ्याने वाचलं जाताना ते कसं ऐकू येतं तेवढं तुला सांगते.

विमलाबाईने सगळं वाचलं. एक शब्द गाळला नाही. मी हात केला, राहू दे म्हटलं, तरी थांबली नाही. आवाज तसाच, बाजारभाव वाचावेत तसा. पावडर टाकतात इथपर्यंत आली, मग घडीवर घडी घालून कागद होता तसा केला. मी म्हटलं, "पुढं?" म्हणाली, "पुढं नुसती सही आहे." मग चष्मा काढला आणि टोपीने पुसला. किती वेळ पुसत होती. काच झिजेल अशी भीती वाटली मला.

टोपीने नाही, पदराने. शाईचं पेन आहे, खोडलं तर डाग पडेल म्हणून तसंच ठेवते.

त्या दिवशी तुझा बाप जेवला नाही. पोट बिघडलं म्हणाला. बिघडलं असेल. पिठल्यात मिरची जास्त झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तळ्यावर गेला. मी मागून गेले, कोंबड्या शोधायच्या निमित्ताने. पाऊस उघडल्यापासून पाणी पुन्हा हिरवं झालं आहे, आता नवरात्राच्या झेंडूला पाणी सोडायचं, म्हणजे पावडर टाकायची वेळ. बादली त्याच्या हातात होती. काठावर उकिडवा बसला. ओंजळीत पाणी घेतलं, उन्हाकडे धरून बघितलं, सोडलं. पुन्हा घेतलं. मग बादली घेऊन तसाच परत आला. मी म्हटलं, "काय रे, टाकली नाहीस?" म्हणाला, "पावडरला ओल लागलीये."

पावडर कोरडीठाक होती. मी बोट लावून बघितलं.

तू काही वाईट वाटून घेऊ नकोस. अभ्यास कर. माझा गुडघा बरा आहे.

तुझी आजी


मखमलाबाद
२८ सप्टेंबर २००५

शुभे,

तुझं चार ओळींचं पत्र आलं. त्यात तू विचारलंस, "आजी, विमलाबाई टोपी कधीपासून घालायला लागली?"

याचं उत्तर मी देणार नाही. मी शपथ घातलेली बाई आहे. ज्याने घातली त्याचं नाव सांगायचं नाही हीच शपथ आहे. तो म्हणतो, "मी तिला कळवू नको म्हटलं होतं, ती मला कळवत नाही. ती आईला कळवते आणि मी आईला वाचून दाखवतो. यात माझा शब्द कुठं मोडला?" बघ, मी नाव सांगितलेलं नाही.

पण तू शेवटी जे लिहिलंस ते फार बरं केलंस. विमलाबाई वाचत वाचत तिथपर्यंत आली, "वाचणाऱ्याला नमस्कार." थांबली. माझ्याकडे बघितलं. मी भेंडी निवडत होते, मी काही वर बघितलं नाही. मग तीच ओळ पुन्हा वाचली, जरा हळू. मग उठून गोठ्यात गेली. गोठ्यात आता गाय नाही, नुसती क्रेटं आहेत, हे तुला माहीत आहे.

इकडची गंमत ऐक. पावडर न टाकल्याने ठिबकची भोकं बुजली आणि खालच्या वावरातली एक रांग वाळली. ऐन दसऱ्याच्या तोंडावर. आपला टेम्पोवाला गोटीराम ओरडला, "भारतदादा, डोकं फिरलं का तुझं? शेवाळ काय पाळायला ठेवलंस?" तुझा बाप म्हणाला, "तू टेम्पो बघ." आणि सुई घेऊन बसला. एकेक भोक सुईने मोकळं करतो, वाकून वाकून. कंबर धरली. मग कुठून तरी बारीक जाळी आणली, पाण्याच्या पाइपाला बांधली, शेवाळ जाळीत अडकतं, पाणी पुढं जातं. रोज संध्याकाळी ती जाळी धुतो. धुवायच्या आधी उन्हात धरून बघतो. मी विचारलं, "काय दिसतं रे?" म्हणाला, "काही नाही. हिरवं." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आई, यातलंसुद्धा काचेच्या डबीतलं असेल का गं?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक. जिला ठाऊक आहे तिला विचार." तो जाळी धुवायला लागला.

आता मी विचारते त्याचं उत्तर लगेच लिहून पाठव, नवरात्र बसायच्या आत टपालात पडू दे. तुमच्या जहाजाचं तोंड किती रुंद असतं? म्हणजे पुढचं नाक. आपल्या ट्रॅक्टरच्या बोनेटच्या मानाने सांगितलंस तरी चालेल. तिथं दोरी बांधायला काही आकडा, कठडा असतो का? आणि खाऱ्या वाऱ्यात झेंडू जास्त टिकतो की शेवंती? तुला माहीत नसेल तर राहू दे, ते इथं ठरवतील.

का विचारते, ते विचारू नकोस.

तुझी आजी


मखमलाबाद
१० ऑक्टोबर २००५, सातवी माळ

शुभे,

हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुला दिसतंच आहे. ज्याच्या हातून आलं त्याला आधी पाणी दे. दोन एसट्या बदलून आला आहे, आणि वाटेत काही खाल्लं नसणार, कारण मांडीवर बरणी होती.

त्या बरणीचं आधी सांगते. तळ्यातलं पाणी आहे. आधी तो औषधाची बाटली घेऊन निघाला होता, मी हिसकावली. म्हटलं, त्यात जाऊन बिचारं मरेल सगळं. मग माझी लोणच्याची बरणी दिली. तिला तेलाचा वास होता म्हणून राखेने घासली. मग तळ्यावर नेऊन त्याच पाण्याने विसळली, पुन्हा विसळली, पुन्हा विसळली. मी म्हटलं, "अरे पुरे." तर म्हणाला, "नाहीतर खोटं दिसतं." झाकण घट्ट लावलेलं नाही, हवा लागावी म्हणून. एसटीत सांडेल म्हणून मांडीवरच धरून नेणार. कंडक्टर विचारेल काय आहे, तर हा काय सांगणार आहे देव जाणे. तू दुर्बिणीतून बघ आणि त्याला सांग की आपल्या तळ्यात कोण कोण राहतं. त्यालाही बघू दे. तो चष्मा लावून बघेल, ओरडू नकोस.

गोणपाटात आहे तो हार. पाणी मारत मारत नेईल, ताजा असेल. तू लिहिलंस की जहाजाच्या नाकाला कोणी हार घालत नाही, पण कठडा आहे. तुला वाटलं असेल आजी पार्सल पाठवते. आपल्याकडे पंपाला हार, टेम्पोला हार, विळ्याकोयत्याला हार, आणि लेकीच्या जहाजाला नाही, हे त्याला पटेना. झेंडू आणि मधे मधे शेवंती. सगळा अंगणभर पसरून स्वतः ओवलाय, मला हात लावू दिला नाही. जहाजावरचे साहेब नको म्हणाले तर तुझ्या खोलीच्या दाराला बांध. आणि फुलं सुकली की समुद्रात सोड, तुझ्या शेवाळाला आमच्याकडून.

उद्या खंडेनवमी, परवा दसरा. दसऱ्याच्या बाजाराला तुझा बाप नाही असं कधी झालेलं नाही. तू जन्मलीस तेव्हाही दसराच होता. तुझ्या आईला कळा येत होत्या आणि हा पंचवटीत फुलं विकत उभा. आला तो खिशात झेंडूच्या पाकळ्या घेऊन, तुझ्या पाळण्यात सांडल्या. यंदा गोटीराम एकटा जाणार आहे बाजाराला. लोक विचारतील भारत कुठं गेला, तर गोटीराम म्हणतो, मी सांगणार, शेवाळाच्या कामाला गेलाय. सांगू दे. मला तर फार बरं वाटतं ते ऐकायला.

कालची गोष्ट. हार ओवता ओवता आपला आपणच म्हणाला, "आई, अर्धी हवा तिच्या शेवाळाची ना? मग अर्धी आपल्या झाडांची झाली." मी म्हटलं, "हो." म्हणाला, "म्हणजे धंदा एकच आहे." आणि पुन्हा सुईत दोरा घातला. शुभे, त्याला एवढंच बोलता येतं. याच्यापेक्षा जास्तीची वाट बघशील तर जहाज निघून जाईल.

तुझ्यापुढे उभा राहून तो काय बोलणार, याची मला काळजी आहे. वाटेत पाठ करत जाईल आणि तुला बघून विसरेल. "तब्येत बरी आहे ना" म्हणेल आणि हात मागे बांधून समुद्राकडे बघत राहील. तूही त्याचीच, तूही तिकडेच बघशील. म्हणून मी हे पत्र तो बाजाराची फुलं तोडायला गेला असताना लिहिलं आणि भाताचं शीत लावून बंद केलं. आत काय आहे ते त्याला माहीत नाही.

तर आता असं कर. इथपर्यंत तू वाचलं असशील तर थांब. पत्र पहिल्या ओळीपासून त्याच्या हातात दे आणि म्हण, "दादा, आजीचं अक्षर लागत नाही, वाचून दाखवा." माझं अक्षर न लागण्यासारखं आहेच, खोटं काही नाही त्यात. त्याला माणसासमोर बोलता येत नाही, पण कागद हातात असला की चांगला बोलतो. तुझी सगळी पत्रं मी त्याच्याच तोंडून ऐकली. तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशीच त्याने पाकीट माझ्या हातातून घेतलं होतं. तुझं शेवाळ, तुझी बाटली, तुझा राग, सगळं मला त्याच्या आवाजात आठवतं. एकदा तूही ऐक.

माझी शपथ मोडली. मोडू दे, नवरात्र आहे, देवी बघून घेईल.

भारत, वाचत वाचत इथपर्यंत आला असशील तर आता चष्मा काढ आणि पोरीकडे बघ. पुढं काही लिहिलेलं नाही.